सोबतीचा नेम

पौष वद्य एकादशी जवळ आली की त्र्यंबकेश्वराच्या वाटा टाळमृदंगाने भरून जातात. संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या ओढीने दिंड्या निघतात, कुशावर्तावर स्नानाची दाटी होते आणि ब्रह्मगिरीवरून उतरणाऱ्या थंडीतही पावले थांबत नाहीत. अशा वेळी दिंडीत आपण नकळत गतवर्षीचे चेहरे शोधत असतो. एखादे विणेकरी बाबा दिसत नाहीत. विचारावे तर कळते की पक्षाघाताचा झटका येऊन गेला. हातपाय बरेचसे सुधारले, पण बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत.

या 'पहिल्यासारखे नाहीत'मध्ये केवढे दुःख सामावलेले असते! मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की हातापायांबरोबर लक्ष, स्मरण आणि कामाचा क्रम लावण्याची शक्तीही दुखावते. गडचिरोलीच्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या दर सात मृत्यूंमागे साधारण एक मृत्यू पक्षाघाताचा असल्याचे दिसले. हा आजार खेड्यापाड्यांत किती खोल शिरला आहे, ते यावरून कळावे. त्यातून जे वाचतात त्यांच्या हातापायांना आपण मालीश आणि व्यायाम देतो. हरवलेल्या स्मरणाला मात्र 'वय झाले' म्हणून सोडून देतो.

वास्तविक या स्मरणासाठीही उपचार आहेत आणि ते गटाने घेता येतात. मोजके रुग्ण मानसतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञासोबत ठरल्या दिवशी एकत्र बसतात. कालच्या गोष्टी आठवतात, बाजाराची यादी करतात, सुट्या पैशांचा हिशेब जुळवतात, वहीत नोंदी ठेवायला शिकतात. एकाचा शब्द अडला की दुसरा धीर देतो, आणि ज्याला घरात आपण ओझे झालो असे वाटत होते, त्याला आपल्यासारखेच आणखी कुणी आहे हे उमगते.

या उपचाराची मर्यादाही आपण जाणून घ्यावी. पक्षाघातानंतरच्या स्मरण-पुनर्वसनाच्या १३ चाचण्यांचा, एकूण ५१४ रुग्णांचा, २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला. उपचारानंतर लगेच रुग्णांना आपला विसराळूपणा कमी झाल्याचे जाणवले. काही महिन्यांनी तो लाभ टिकलेला दिसला नाही. निराश व्हावे असे हे नाही. चार आठवड्यांत आटोपण्याचे हे काम नव्हे, एवढेच यातून समजून घ्यायचे. त्याला नेम हवा, आणि नेम कसा पाळावा हे वारकऱ्यांच्या मुलखाला कुणी शिकवायला नको.

त्र्यंबकच्या पाड्यावरून दर आठवड्याला तीसेक किलोमीटरवरचे नाशिक गाठायचे, तर सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. म्हणून हे गट गावाजवळच्या आरोग्य केंद्रात भरावेत, तज्ज्ञांनी तिथे येऊन घडी बसवून द्यावी आणि आशाताईंनी ती सांभाळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. भजनी मंडळ उपचाराची जागा घेणार नाही. पण पाठ असलेला हरिपाठ, टाळाचा ठेका आणि आपल्या पाळीची वाट पाहणे यांतही लक्ष आणि स्मरण राबतेच. तेव्हा मंडळाने बाबांची जागा राखून ठेवावी, चुकले तर सांभाळून घ्यावे. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक दिंडीने आपल्या ज्येष्ठांचा रक्तदाब तपासून घ्यावा, गोळ्या चुकू देऊ नयेत. जो मागे पडला त्याच्यासाठी चाल मंद करणे हा आपल्या दिंडीचा जुनाच धर्म आहे. यंदाच्या एकादशीपासून तो वर्षभर पाळू या.