इंजिन बसले, म्हणून गाडी मोडीत काढावी काय?



सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत जुनी पिकअप धूर ओकत बंद पडली की घरात तीन मते निघतात. थोरला मुलगा म्हणतो, ही भंगारात द्या आणि हप्त्याने नवी घ्या. शेजारी म्हणतो, इंदूरहून नाहीतर दिल्लीहून जुने इंजिन आणून टाका, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येईल. मिस्त्री म्हणतो, काम काढावे लागेल. आमचे मत मिस्त्रीच्या बाजूचे आहे आणि त्याची कारणे या पानावर जरा सविस्तर मांडावीत असे वाटते. अमझेरा, सरदारपूर, राजगड या पट्ट्यात आपल्या लोकांच्या दारी नव्यापेक्षा जुन्याच गाड्या जास्त दिसतात. या एका निर्णयात घाई झाली तर दोन वर्षांचे गहू-सोयाबीन सावकाराच्या वहीत जाते.

प्रथम एक गोष्ट. "इंजिन बसले" हा शब्द फार सैल आहे. हेडचे गॅस्केट फुटले तरी लोक इंजिन बसले म्हणतात, रिंगा झिजल्या तरी तेच, आणि बेअरिंग चिकटून क्रँक जाम झाला तरी तेच. यांतल्या पहिल्या दुखण्याचा खर्च आणि शेवटच्या दुखण्याचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तेल दुधाळ चहासारखे झाले असेल, पांढरा धूर निघत असेल, तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत आहेत. तेथे बहुधा हेड वाकले आहे किंवा गॅस्केट गेले आहे. निळा धूर आणि तेलाचा खप वाढणे म्हणजे रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हकडून तेल जळत आहे. काळा धूर पुष्कळदा इंजिनाचा नसतोच, नोझल आणि पंपाचा असतो. खालून ठकठक येत असेल तर मात्र गाडी तेथेच उभी करावी. आणखी दोन किलोमीटर "हळूहळू" नेली तर बेअरिंगच्या दुरुस्तीचे काम क्रँकच्या दुरुस्तीपर्यंत जाते, आणि कधी कधी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून मिस्त्रीला पहिला प्रश्न "किती लागतील?" हा न विचारता "का गेले?" हा विचारावा. आपल्या माळव्यात ट्यूबवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. भांड्याच्या तळाशी जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी फिरेनासे होते, इंजिन तापते, हेड वाकते. आता अशा गाडीत बाजारातून आणलेले दुसरे इंजिन बसवले आणि रेडिएटर तोच ठेवला, तर दुसऱ्या इंजिनाचीही गत पहिल्यासारखीच होणार. कारण न शोधता इंजिन बदलणे म्हणजे फुटक्या मडक्यात पुन्हा पाणी भरणे आहे. वॉटर पंप, फॅन बेल्ट, रेडिएटरचे झाकण आणि थर्मोस्टॅट ही चार किरकोळ वाटणारी कामे इंजिनाबरोबरच व्हावीत. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे एक रूढी आहे. इंजिन थंड राहते म्हणून लोक खूश होतात, पण सदा थंड चालणारे डिझेल इंजिन तेल खराब करते आणि लवकर झिजते. पुढे कूलंट घालावे, ते न परवडल्यास निदान गाळून ठेवलेले पावसाचे पाणी घालावे. ट्यूबवेलचे नको.

इंजिनाचे काम म्हणजे काय, हे मालकाला ठाऊक असले म्हणजे फसगत कमी होते. मिस्त्री इंजिन खोलतो, पण खरे काम खरादवाल्याकडे होते. तेथे बोअर मोजतात. लायनर असलेल्या इंजिनाचे लायनर बदलतात, नसलेल्याचे बोअर थोडे मोठे करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात. क्रँक घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे बसवतात. हेड सपाट करतात, व्हॉल्व्हच्या बैठका घासतात. हेडला आणि ब्लॉकला तडा आहे काय, हे दाबाने तपासून घेण्याचा आग्रह धरावा. थोडे पैसे जातात, पण तडा गेलेल्या हेडवर नवे गॅस्केट घालण्याइतका वाया जाणारा पैसा दुसरा नाही. ऑईल पंप जुनाच ठेवू नये. पंप आणि नोझल चाचणी-यंत्रावर चढवून घ्यावेत. ज्याला आपण सर्रास मायकोचा पंप म्हणतो त्याची कंपनी २००८ पासून बॉश नावाने चालते, भाग तेच. माप केवळ मिस्त्रीच्या अंगठ्यावर सोडू नये. मोजलेली मापे कागदावर लिहून मागावीत, काढलेले जुने भाग डब्यात परत मागावेत, आणि पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी बिल सोडले तर भाग नकली निघाल्यावर भांडायला हातात काही राहत नाही.

आपले इंजिन दुरुस्त करण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक तोच राहिला की नंबर तोच राहतो आणि नोंदणीपुस्तकाला हात लावावा लागत नाही. इंजिन किंवा हाफ इंजिन बदलले की नंबर बदलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. आधी परवानगी घ्यावी आणि बदलानंतर चौदा दिवसांच्या आत कळवून पुस्तकात नवा नंबर चढवून घ्यावा. ते न केल्यास फिटनेसला गाडी अडते, विक्रीला अडते, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हातात आयते निमित्त मिळते.

बाजारच्या इंजिनाविषयी आमची धास्ती यामुळेच आहे. उत्तर प्रदेशात मेरठ येथे सोतीगंज नावाचा सुट्या भागांचा मोठा बाजार होता. चोरीच्या गाड्या तेथे उघडून त्यांचे भाग देशभर विकले जात असा त्याचा लौकिक झाला होता आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. बाजार बंद झाला तरी तेथून बाहेर गेलेली इंजिने कोठे ना कोठे चालतच आहेत. नंबर घासलेले इंजिन स्वस्त मिळते, ते उगाच नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही शिक्षा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ३१७), आणि "मला ठाऊक नव्हते" हे घासलेल्या नंबरासमोर पटवून देणे कठीण जाते. सातवी आज्ञा केवळ चोरी करणाऱ्यासाठी नाही, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी.

तरीही ब्लॉकच फुटला असेल, तर इंजिन बदलण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी कंपनीच्या विक्रेत्याकडे हाफ इंजिनाची चौकशी करावी. तेही झेपत नसेल तर अपघातात गेलेल्या त्याच जातीच्या गाडीचे इंजिन घ्यावे, पण ते चालू करून, थंड असताना स्टार्ट करून पाहून, मूळ गाडीच्या नोंदणीची प्रत, विकणाऱ्याचे ओळखपत्र आणि बिल यांसह. त्याच जातीचे, हे शब्द आम्ही जाणून लिहिले आहेत. एका कंपनीच्या पिकअपमध्ये दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन घालण्याची जी हौस तरुणांत दिसते, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे.

यावर वडीलधारी मंडळी म्हणतील की पूर्वी तर सर्रास असे होत असे. खरे आहे. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध झाले, खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेले, आणि पेट्रोलच्या जीपा चालवणे परवडेनासे झाले. तेव्हा लोकांनी त्यांत डिझेल इंजिने बसवली. महिंद्रानेही आपल्या डिझेल जीपला इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन दिले होते, आणि पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याची डिझेल इंजिने इगतपुरीच्या कारखान्यात होऊ लागली. पण त्या बदलाचा हेतू तेल वाचवण्याचा होता. आज हेतू असतो दीड टनाच्या गाडीवर अडीच टन लादण्याचा. इंजिन ओढते, पण ब्रेक, गिअरबॉक्स, एक्सल आणि पाटे जुन्याच मापाचे राहतात.

ब्रेकचे मोल धार जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. आग्रा-मुंबई मार्गावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन किती गाड्या आदळल्या आणि जळाल्या, हे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो; अखेर २०२४ च्या शेवटी तेथे नवा वळणमार्ग सुरू करावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस दिंडोरी जिल्ह्यातील बडझर येथे कार्यक्रमाहून परतणारी पिकअप उलटून चौदा माणसे दगावली. आपणही सणाला, लग्नाला, मयतीला माल वाहण्याच्या गाडीत माणसे उभी करून नेतो. म्हणून आमचे असे मत आहे की गाडीसाठी जमवलेल्या पैशातला पहिला वाटा ब्रेकचा, स्टिअरिंगचा आणि टायरांचा काढून बाजूला ठेवावा, आणि मग उरलेल्यात इंजिनाचे काय बसते ते पाहावे. बंद पडलेले इंजिन गाडी अंगणात उभी ठेवते. कोणाचा जीव घेत नाही.

आता पैशाचे. समजा, इंजिनाचे पूर्ण काम ऐंशी हजारांत होते आहे आणि सावकार शेकडा दोन रुपये महिना मागतो. म्हणजे वर्षाला एकोणीस हजारांहून जास्त नुसते व्याज. हेच पैसे पतसंस्थेकडून किंवा बँकेकडून निम्म्या दराने मिळाले तर वाचलेल्या रकमेत पंप आणि नोझलचे काम निघू शकते. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला येतो, आणि आपल्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, ही अडचण विक्रेत्याच्या कागदावर दिसत नाही. मात्र जुन्या गाडीचा मोह धरण्यालाही मर्यादा आहे. चासी गंजून पोकळ झाली असेल, तिला दोन ठिकाणी वेल्डिंग असेल, तर त्या गाडीवर इंजिनाचा खर्च करू नये. पंधरा वर्षांवरील गाडीची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढली आहे, तीही हिशेबात धरावी. दुरुस्तीचा सगळा मिळून खर्च चालू स्थितीतील त्याच गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर आम्ही तरी ती भंगारात देऊ, आणि पुढचा हंगाम भाड्याच्या गाडीवर काढू. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना या लेखातले सगळेच लागू होणार नाही; त्यांत संगणक आणि सेन्सर आहेत, आणि ते काम त्या यंत्रणेची तपासणी करू शकणाऱ्याकडेच न्यावे.

जाता जाता एक खंत. पीथमपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे २०१३ साली सुरू झालेल्या कारखान्यातून व्होल्वो समूहासाठी इंजिने युरोपला जातात. त्या जिल्ह्यातला शेतकरी जुन्या इंजिनासाठी दिल्लीच्या कबाड्याचा दरवाजा ठोठावतो, याला काय म्हणावे? आपल्या मुलांपैकी दोघा-तिघांनी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यास केला, मापाची उपकरणे घेतली, तर आपल्या भागात त्यांना कामाची वाण पडणार नाही.

काम गव्हाच्या काढणीनंतर, चैत्र-वैशाखात काढावे. पहिले हजार किलोमीटर निम्मा माल भरावा, घाट टाळावा, एकाच वेगाने लांब पळवू नये. या काळात झिजून निघालेले धातूचे कण तेलात येतात, म्हणून पहिले तेल आणि फिल्टर लवकर बदलावेत. पावसाळ्यापूर्वी इंजिन रुळलेले असले म्हणजे सोयाबीनला ते पूर्ण ओझ्याने चालते.

इंजिन उतरवताना झाडाच्या फांदीला चेन-पुली बांधून त्याखाली कोणी शिरू नये. लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने तोंड भाजते. दुरुस्तीनंतर इंजिन बंद शेडमध्ये चालवून पाहू नये. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. काढलेले काळे तेल जनावरांच्या जखमेला लावू नये, चुलीत जाळू नये, आणि विहिरीजवळ तर मुळीच ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्यावे, आणि हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत.