तंबोरा आधी भाड्याने, मग विकत

मिरजेच्या बाजारात तंबोऱ्याची किंमत विचारून परत गेलेले गिऱ्हाईक सहसा पुन्हा फिरकत नाही. ते गाणे सोडते, किंवा मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर भागवते. दोन्हींत नुकसान कारागिराचेच. म्हणून वाद्ये भाड्याने देण्याचा व्यवहार आपल्या कारागीर बांधवांनी स्वतः हाती घ्यावा, असे आमचे मत आहे.

प्रथम गिऱ्हाइकाची बाजू पाहू. आपण किती दिवस शिकणार, हेच नवशिक्याला ठाऊक नसते. शिवाय तंबोरा गळ्याच्या पट्टीप्रमाणे घ्यावा लागतो. मर्दानी मोठा, जनानी लहान. बारा वर्षांच्या मुलाचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो व पट्टी खाली उतरते. आज विकत घेतलेले वाद्य तेव्हा त्याच्या कामाचे राहत नाही.

उदाहरणापुरते धरू, की तंबोरा २४,००० रुपयांचा आहे आणि भाडे महिना ८०० रुपये. वर्षाचे ९,६०० रुपये झाले. मुलाने वर्षाअखेर शिकणे सोडले, तर भाडेच स्वस्त पडले. जुने वाद्य विकता येते हे खरे, पण नडलेल्याला भाव मिळत नाही. उलट तीस महिने भाडे भरले, तर पूर्ण किंमत गेली आणि हाती काही उरले नाही. म्हणजे पहिले वर्ष भाड्याने घ्यावे. गोडी टिकली व पट्टी ठरली, की विकत घ्यावे. व्याजाच्या हप्त्यावर घेतलेले वाद्य असे सहज परत करता येत नाही.

तबल्याचे गणित वेगळे आहे. वापराने पुडी झिजते आणि ती कोणी बदलायची यावरून तंटा होतो. तिथे जाणकाराला दाखवून जुनी जोडी विकत घेणेच बरे.

आता कारागिराची बाजू. भोपळा नाजूक, भांडवल अडकणार, ही भीती रास्त आहे. त्यासाठी सुरुवात नव्या मालाने करू नये. दुकानात पडून असलेली दोन-तीन जुनी वाद्ये दुरुस्त करून द्यावीत. अनामत घ्यावी. तुटलेली तार गिऱ्हाइकाची, जवारी आपली, फुटलेल्या भोपळ्याची भरपाई अनामतीतून, असे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी बोलण्यावर पुढे भांडणे होतात.

पहिल्या सहा महिन्यांचे भाडे, म्हणजे ४,८०० रुपये, खरेदीच्या वेळी किमतीतून वजा करावे. गिऱ्हाईक १९,२०० रुपये देऊन वाद्य नेते आणि कारागिराला किंमत पूर्ण मिळते. त्याने वाद्य परत केले, तरी भाडे मिळाले व वाद्यही घरात राहिले.

एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम कमी होताच तंतुवाद्यांचे काम उचलले. काळ ओळखून धंदा बदलण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. गिऱ्हाईक मात्र ज्याचे त्यालाच राखावे लागते. आज भाड्याने तंबोरा नेणारा मुलगा हाच उद्याचा खरेदीदार आहे, हे दुकानदाराने ध्यानात ठेवावे.