धूसर फोटो कुठे शोभतो



विकायच्या वस्तूचा फोटो धूसर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवणीसाठी काढायचा असेल तर खुशाल काढावा.

हा विषय निघाला मामंजींच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवरून. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा साधा कॅमेरा एके काळी कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. 120 चा रोल, त्यात 12 चौकोनी फोटो. एकेक फोटो हिशेबाने काढायचा. (त्या रोलवर जिलेटिन असे, तेही जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेले. डिजिटलने निदान त्यातून आपली सुटका केली!)

आता पुतण्या त्याच कॅमेऱ्याचे फोटो काढतो. 50 मिलिमीटरची लेन्स, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ 1.8, आणि अंतर जेमतेम दीड फूट. इतक्या जवळून जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. भिंगाभोवतीची अक्षरे लख्ख, मागचे सगळे लोण्यासारखे विरघळलेले. दिसते सुंदर, नाही कशाला म्हणू? मामंजींच्या बोटांनी गुळगुळीत झालेली कळ तेवढी दिसते आणि नजर तिथेच थांबते. आपल्याकडे नय म्हणतात तो असाच. एका बाजूने पाहायचे, पण दुसऱ्या बाजू नाहीतच असे म्हणायचे नाही. ते म्हटले की दुर्नय.

विक्रीच्या जाहिरातीत नेमके तेच घडते. भिंगातली बुरशी, आवरणाची सुटलेली कड, खालचा पोचा, सगळे त्या मऊ धुक्यात जाते. "फोटो कलात्मक आहे काकू," असे उत्तर मला पटत नाही. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हिणकस माल खपवणे. धूसर फोटो त्याच्या फार लांब नाही. कॉमर्सला आम्हाला शिकवले होते की मालातला दोष ग्राहकाने तपासून घ्यावा. पण मुंबईतल्या मालाचा फोटो नागपुरात बसून बघणारा तपासणार कसा?

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडचे तर बोलायलाच नको. तो धूसरपणा भिंगाचा नव्हे, हिशेबाने चिकटवलेला. पट्ट्याची कडी किंवा रोल फिरवायची चावी अर्धी खाऊन टाकतो.

विकायचेच असेल तर छिद्र एफ 11 च्या पुढे न्यावे. उजेड कमी पडतो, म्हणून कॅमेरा स्टँडवर ठेवून खिडकीजवळ फोटो काढावा. थोडे मागे सरकले की आणखी भाग स्पष्ट येतो. मागचे झाकण उघडून आतलाही एक काढावा, आणि बुरशी असेल तर तिचा जवळून वेगळा. तिथे मात्र पुतण्याचा एफ 1.8 हवा तेवढा वापरू दे.