सिंकखालचा डबा

पुष्कळ घरांत सिंकखाली एक जुना डबा नाहीतर कान तुटलेला टोप ठेवलेला असतो. जाळीखालून थेंब थेंब पाणी त्यात पडत राहते. रात्री ओटा पुसून झाला की तो डबा मोरीत ओतायचा आणि पुन्हा जागेवर ठेवायचा. पहिले आठ दिवस त्याचा राग येतो. मग ते रोजच्या कामांत जाऊन बसते, दूध तापवायच्या जोडीला. "प्लंबरला सांगितलंय" हे वाक्य त्या घरात महिनाभर तरी चालते.

बरे, प्लंबर तरी यावा कधी? आपल्या बदलापूर-अंबरनाथकडची माणसे सकाळची गाडी पकडून जातात ती दिवेलागणीनंतरच परततात. आता बायकाही त्याच गर्दीत असतात. माझ्यासारख्या अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईची शाळा नेमकी त्याच्या वेळेला भरते. शिवाय एक रबरी वायसर बदलायला कोण कशाला मुद्दाम येईल? नव्या इमारतींतली मोठी कामे त्याला रोज बोलावत असतात. आला तरी वाकून बघतो आणि सांगतो, "ताई, सगळंच बदलावं लागेल." आपल्याला खालचे काही ठाऊक नसते, म्हणून आपण मान डोलावतो. ही मान डोलावणे बंद व्हावे म्हणून आजचे लिखाण.

गळतीकडे दुर्लक्ष करू नये याला आणखीही एक कारण आहे. उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन राहत्या इमारतींचे स्लॅब कोसळले, १५ मेला मोहिनी पॅलेसचे आणि २८ मेला साई शक्तीचे. माणसे गेली. सिंकच्या थेंबाने इमारत पडते असे मी मुळीच म्हणत नाही. तिथली कारणे मोठी होती आणि निकृष्ट बांधकामाची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. पण वर्षानुवर्षे मुरणारे पाणी स्लॅबमधल्या सळीपर्यंत पोचते, सळी गंजते, गंजली की फुगते आणि सिमेंटचे पोपडे सुटतात, हे खरेच आहे. आपल्या सिंकखालची ओल म्हणजे खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघराचे छत. त्यांनी दोनदा सांगून झाल्यावर तिसऱ्यांदा त्या सांगत नाहीत, बोलणेच बंद करतात.

तर आता सिंकखाली डोकावू या. डबे, बरण्या, कांद्याची टोपली सगळे बाहेर काढा. वर दिसते ती जाळी, तिला दुकानात वेस्ट कपलिंग म्हणतात. तिची कड सिंकच्या भांड्यावर बसते आणि नळी भोकातून खाली येते. खालच्या बाजूने भांड्याला टेकून एक जाड रबरी वायसर असतो, त्याखाली बहुधा प्लास्टिकची नाहीतर फायबरची चकती, आणि तिला आवळणारा मोठा चेकनट. त्या नळीला दुसऱ्या लहान नटाने वेस्ट पाइप जोडलेला असतो. एवढाच संसार! यातल्या कुठल्या तरी एका सांध्यातून पाणी येते आणि आपण सगळ्या पाइपला दोष देतो.

कुठून गळते ते आधी शोधावे, पाना मागाहून हातात घ्यावा. सगळे भाग जुन्या धोतराच्या फडक्याने खडखडीत कोरडे करा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. जाळीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर ओल्या फडक्याचा बोळा घट्ट दाबून सिंक अर्धे भरा. पाण्यात थोडी नीळ टाकली तर कागदावर डाग चटकन दिसतो. दहा मिनिटे थांबा. बोळा घट्ट बसलेला असताना, पाणी नुसते साठलेले असतानाच वायसरपाशी थेंब दिसला, तर दोष जाळीच्या कडेखाली किंवा त्या रबरी वायसरमध्ये आहे. तोवर कोरडे राहिले आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर गळू लागले, तर दोष खालच्या लहान नटाचा, नाहीतर पाइपला चीर गेली आहे. आणि दोन्ही वेळा सगळे कोरडे, पण भांडी घासली की ओल येते, असे असेल तर पाणी सिंक आणि कडप्प्याच्या फटीतून, नाहीतर नळाच्या बुडाशी उतरते आहे. मग जाळीला हात लावायचे कारणच नाही, त्या फटीत सिलिकॉन भरा.

लहान नट सैल झालेला असला तर हाताने आवळून भागते. त्यातला वायसर कडक झालेला, चिरलेला असला तर बदलायचा. इथे पुष्कळजणी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. नळाला ती टेप ठीक, पण इथे पाणी अडवतो तो वायसर. तो मेलेला असेल तर टेपचे दहा वेढे देऊनही पाणी येणारच.

जाळीच उघडायची वेळ आली तर मात्र दोन माणसे लागतात. खाली बादली ठेवून वेस्ट पाइप आधी सोडवावा. मग एकीने वरून जाळीच्या भोकांत पकडीची दोन टोके अडकवून जाळी फिरू द्यायची नाही आणि दुसरीने खालून चेकनट सोडवायचा. खालून वर बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो सुटतो. शाळेत जाणारा मुलगा वरच्या कामाला उत्तम, फार प्रश्न विचारतो एवढेच. जाळी निघाली की तिच्या कडेखालचा आणि भांड्यावरचा जुना मसाला खरवडून काढा. बोट फिरवले तर खरखरीत लागता कामा नये. पुष्कळ ठिकाणी तिथे पांढरे सिमेंट भरलेले सापडते. स्टीलचे सिंक जड कढई आपटली की हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून ते तडकते आणि तिथूनच पाणी जाते. त्याऐवजी कडेखाली सिलिकॉनची सलग वळी फिरवा, जाळी बसवा, खालून आधी रबरी वायसर, मग चकती, मग चेकनट. हाताने पुरता आवळून झाला की पान्याने पाव फेरा, बस्स. जोर केला तर वायसर चेपून बाहेर येतो, आणि नट प्लास्टिकचा असला तर तडकतो. वर आलेले सिलिकॉन पुसून घ्या आणि चोवीस तास त्या सिंकमध्ये पाणी सोडू नका. त्या दिवशी भांडी मोरीत घासायची.

वायसर आणायला जाताना जुना बरोबर न्यावा. "सिंकचा वायसर द्या" म्हटले तर दुकानदार चार मापांचे दाखवतो आणि आपला पाचवाच असतो. उल्हासनगरच्या मालाबद्दल 'मेड इन यूएसए'ची थट्टा आपण लहानपणापासून ऐकली, पण तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात जुना तुकडा पुढे ठेवला की जोडीचा नेमका काढून देतात, हा माझा तरी अनुभव आहे.

एम-सील लावून मोकळे होणाऱ्यांना एकच सांगते. तो मसाला ओल्या जागेवर धरत नाही, आणि सांध्यावर धरला तर पुढच्या वेळी नट उघडतच नाही, सगळे कापून काढावे लागते. भाताची उकळती पेज किंवा शेवयांचे पाणीही तसेच सिंकमध्ये ओतू नये. पीव्हीसीचा पाइप उष्णतेने मऊ होतो आणि सांधा ढिला पडतो. आधी नळ सोडावा, मग ओतावे.

पाइप परत जोडताना त्याला इंग्रजी यू अक्षरासारखा एक झोल द्या. त्या झोलात थोडे पाणी कायम अडून राहते आणि गटाराचा वास नि झुरळे वर येत नाहीत. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली संडासासाठी असल्याच वळणाच्या नळीचे पेटंट घेतले होते. जमिनीच्या जाळीत सरळ खुपसलेला पाइप म्हणजे झुरळांना जिनाच.

एवढे करूनही भिंतीच्या आत किंवा जमिनीखाली ओल दिसत राहिली, तर मात्र तिथे हात घालू नका. तो पाइप सगळ्या मजल्यांचा सामाईक असण्याचा संभव असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा, तारीख घाला आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवा.