सोडलेला जिताडा जगतो का?

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. बंदर बदलले की थोडे इकडेतिकडे. म्हणजे उधाणाच्या दिवशी सगळी दुपार ओहोटीची. कांदळवनात शिरलेले पाणी बारानंतर जे निघते ते साडेपाच-सहापर्यंत बाहेर पडत राहते आणि बोयटे, कोळंबी त्याच्याबरोबर मुखाकडे ओढली जातात. मे महिन्यातल्या अशा दुपारी आपले बहुतेक वाचक बाणकोट, दाभोळ, जयगड, आचरा अशा कुठल्या तरी मुखाशी ऊन खात उभे असणार, हे गृहीत धरूनच हे लिहितो आहे.

उभे राहायची जागा आपण कशी निवडतो? ल्युअर लांब जाईल अशी. दुपारी खारा वारा सुटतो आणि समोरून तोंडावर येतो. हलके सॉफ्ट प्लॅस्टिक दहा हातांवर गळून पडते. मग उंच कातळ गाठायचा, दोन ट्रेबल हूकवाली जड ल्युअर बांधायची आणि वाऱ्याला चिरत धारेच्या मधोमध फेकायची. गंमत अशी की जिताडा मधोमध नसतोच. धारेत पोहत राहण्याचे कष्ट तो घेत नाही. कातळाच्या आडोशाला, जिथे पळते पाणी आणि थबकलेले पाणी एकमेकांना घासते, त्या फेसाच्या रेषेवर तो तोंड वर करून असतो. पुष्कळदा ही रेषा आपल्या पायापासून आठ-दहा हातांवर असते आणि आपण तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकत बसतो. पाग घेऊन गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस कधी उंच कातळावर चढलेला पाहिला आहे? मासा हातात कुठे घ्यायचा ते आधी ठरवून तो पाण्यात उतरतो.

आपण ते ठरवत नाही. त्याची किंमत मासा मोजतो, आणि या महिन्यात कुठला मासा मोजतो ते नीट पाहायला हवे.

जिताडा (गोव्यातल्या वाचकांचा चोणक) नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांनुसार हा बदल साधारण ८५ ते १०० सेंटिमीटर लांबीच्या दरम्यान होतो. म्हणजे ज्या आकाराची आपण वर्षभर स्वप्ने पाहतो तो जवळजवळ प्रत्येक मासा मादी असतो आणि एकेका मोठ्या मादीची अंडी लाखांनी मोजायची असतात. ती अंडी घालायला गोडे पाणी चालत नाही. खाडीत वाढलेला मासा त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर खाली मुखाकडे उतरतो. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. कातळावरच्या रॉडला कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. सुरमईची ३७० मिलिमीटर. चांगलेच झाले. पण ही खालची रेषा आहे. जिताड्याचा प्रश्न वरच्या टोकाचा आहे. क्वीन्सलँडमध्ये तो ५८ सेंटिमीटरखाली घेता येत नाही तसाच १२० च्या वरही घेता येत नाही. आपल्याकडे अशी वरची रेषा येईल तेव्हा येवो. तोवर ९० च्या पुढचा मासा परत पाण्यात, एवढे आपण आपल्यापुरते पाळू शकतो.

‘आम्ही सोडतोच की,’ असे बरेच जण म्हणतील. सोडता, पण कसा? पाऊण तास खेळवून दमवलेला, कालवांवरून खरडत वर ओढलेला, जबड्यात ग्रिप अडकवून उभा लटकवलेला, तीन मोबाइलसमोर मिरवलेला मासा उंचावरून पाण्यात टाकला आणि तो शेपूट हलवत गेला, की आपण टाळ्या पिटतो. पुढे त्याचे काय होते ते दिसत नाही. दुपारच्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. दहा किलोंचे धूड जबड्यावर टांगले की सगळा भार मणक्यावर आणि जबड्याच्या सांध्यावर येतो. असा मासा रात्री मेला तर तो सोडला म्हणायचे की फेकला?

तेव्हा कामे घरीच करून निघा. दोन्ही ट्रेबल काढून सिंगल हूक लावा: पुढच्याचे टोक ल्युअरच्या तोंडाकडे, मागच्याचे वर. वजन काट्यावर जुळवून घ्या आणि बादलीत सोडून पाहा, नाहीतर ल्युअर एका अंगावर कलते. हूकचा उलटा काटा पकडीने चेपा. उडी मारून मान झटकणारा एखादा मासा यामुळे सुटेल, हे खरे आहे, सुटू द्या. लीडर जाड ठेवा. गालफडाच्या पात्याची धार बोट कापते तशी दोराही कापते, आणि जाड दोऱ्यावर मासा लवकर आवरतो. आणि सगळ्यात आधी पाणी ज्याच्या पायाशी उथळ आहे असा खडक शोधा. फेक वीस हातांनी कमी पडली तरी चालेल. हूक पाण्यातच काढा, हात ओले करून. फोटो हवाच असेल तर एक हात पोटाखाली, आडवा धरून, एकच.

खायला आमची ना नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्यांच्या तळ्यांत जिताडा वाढतो त्यांना जिताडा खाऊ नका म्हणणारे आम्ही कोण? दोन-तीन किलोंचा घरी न्या, आमसुलाचे कालवण करा. तसाही तोच चवीला उजवा.

पुढच्या अंकापासून ‘वाचकांची पकड’ या सदरात उभा लटकवलेला किंवा कातळावर लोळवलेला मोठा मासा छापला जाणार नाही. वजनाचा आकडाही छापणार नाही. लांबी कळवा, तीही पाण्याच्या कडेला ओल्या पट्टीवर मोजलेली. मागच्या तीन महिन्यांत आलेले आणि या अटीत न बसणारे फोटो परत पाठवत आहोत. काही मंडळी रागावतील. त्यांची पत्रे मात्र जरूर छापू.