आगोटीचा हिशेब

काटकसरीचा उपदेश आमच्या समाजाला नवा नाहीं. तो सभेंत होतो, कीर्तनांत होतो, बँकेच्या साहेबांच्या भाषणांत होतो, आणि कोठूनही सुरू झाला तरी फिरून फिरून तो चुलीपाशींच येऊन बसतो. बाईनें फोडणीला तेल कमी घालावें, चहांत साखर कमी टाकावी, साडी आणखी एक वर्ष नेसावी! जणूं कुणब्याचें, सुताराचें, कुंभाराचें, गाबिताचें घर आजवर बाईच्या हातच्या चमचाभर तेलानेंच बुडत आलें. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील घरें आम्हीं आंतून पाहिलीं आहेत. तेथें वांचवावयास मुळांत तेलच बेताचें असतें. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या सरकारी कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. अशा बाईला 'तूं आणखी कमी खा' म्हणून सांगणाऱ्या काटकसरीला आम्ही काटकसर म्हणत नाहीं.

मग पैसा जातो कोठें? आमच्या मतें तो मुख्यतः आषाढ, श्रावण आणि भाद्रपद ह्या तीन महिन्यांत जातो. घरांतलें धान्य सरत आलेलें, मुंबईहून येणारा पैसा गणपतीसाठीं राखलेला, आणि रोजची गरज पाव किलोनें, पुडीनें, उधारीनें भागविलेली. गरीब माणूस स्वस्त घेतो हा समज खोटा आहे. सर्वांत महाग तोच घेतो. तेलाचा डबा एकदम उचलणाऱ्यास जो भाव पडतो तो पावकिलोवाल्यास कधींच पडत नाहीं. त्यांत उधारी असली म्हणजे पाहावयासच नको. वहींत व्याज लिहिलेलें नसतें हें खरें. तें भावांत मिसळलेलें असतें. शिवाय ज्याच्या नांवावर बाकी आहे तो भाव विचारीत नाहीं, काट्याकडे पाहत नाहीं, शेजारच्या दुकानीं जात नाहीं, आणि किडकी डाळ हातीं पडली तरी परत करीत नाहीं. तोंड बंद ठेवण्याची ही किंमत कोणत्याच हिशेबांत दिसत नाहीं. (दुकानदारालाही घाऊक व्यापाऱ्याचें देणें असतें. त्याला शिव्या देऊन आमची बाकी फिटणार नाहीं.)

आमच्या आज्या-पणज्यांनीं ह्या तीन महिन्यांवर उपाय काढून ठेवला होता. त्याचें नांव आगोट. मृग लागण्यापूर्वीं पावसाळ्याची सगळी बेगमी घरांत येऊन पडली पाहिजे, हा त्यांचा नेम. भात कणगींत, बियाणें मुडींत. कुळीथ, वाल, चवळी उन्हांत तापवून, राखेंत घोळून मडक्यांत. मिरच्या, कांदे, मीठ. मिठांत घातलेली चिंच. मातींत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या. लाकूडफाटा व शेणी पडवींत. रातांब्याच्या सालीचीं आमसुलें आणि बियांचें तेल, तें लावणीच्या दिवसांत भेगाळलेल्या पायांसाठीं. हर्णें, मिरकरवाडा अशा बंदरांवरून जवळा, सोडे, सुके बोंबील यावयाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी कायद्यानें बंद असते. त्या दिवसांत ताजी मासळी दिसत नाहीं आणि सुकीचा भाव चढतो. ज्यानें वैशाखांतच घेऊन ठेवली त्यास तो चढ लागत नाहीं. उलट, मे महिन्यांत ज्या घराच्या परसांत रातांबे कुजून गेले त्याच घरांत ऑगस्टांत आमसुलाची पुडी उधारीवर येते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूणची बाजारपेठ पुरांत बुडाली, तेव्हां खिशांतल्या पैशालाही कांहीं मिळेना. अशा वेळीं घरांतली कणगीच कामास येते.

ही रीत मोडली कशी? गिरण्यांच्या दिवसांत मुंबईची मनिऑर्डर महिन्याला यावयाची, म्हणून खरेदीही महिन्याची झाली असें आम्हांस वाटतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोंकणांतील कितीतरी घरांची ती मनिऑर्डर थांबली. खरेदीची संवय मात्र मागें राहिली. आतां पैसा मोबाईलवर येतो, पण तोही तुटक तुटक येतो आणि तसाच जातो.

तथापि मोठें कारण हें नव्हे. आगोट भरावयाची वेळ आणि लग्नसराई एकाच हंगामांत येतात. काजूचे, आंब्याचे, मजुरीचे जे चार पैसे चैत्र-वैशाखांत हातीं असतात, त्यांवर एका बाजूनें कणगी हक्क सांगते आणि दुसऱ्या बाजूनें मांडव. मांडव दरवर्षीं जिंकतो. श्रावणांतली उधारी ही वैशाखांतल्या लग्नाचीच बाकी असते. आम्ही मात्र तिचा दोष बाईच्या फोडणीला देतों.

जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं लिहिला, त्यांत शेतकऱ्याच्या घरांतून जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या नांवानें पैसा कसा निघून जातो तें त्यांनीं पायरी-पायरीनें दाखविलें. त्याच्या दहा वर्षें आधीं, २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटजीवांचून पहिलें लग्न लागलें. त्या वाटेनें आमच्यांतील पुष्कळांनीं दक्षिणा बंद केली, हें चांगलेंच झालें. परंतु आज लग्नाचा कागद काढून पाहावा: दक्षिणा हा त्यांतला सर्वांत लहान आंकडा निघेल. हॉल, डीजे, रस्त्यावरचे फलक, फोटोवाला, उडणारा कॅमेरा, हळदीचें निराळें जेवण आणि त्यामागची दारू, ह्यांतलें एकही कोणत्या पोथींत लिहिलेलें नाहीं. जोतीरावांनीं दाखविलेली गळती बुजविली म्हणून आम्हीं छाती फुगवावी आणि शेजारींच तिच्याहून मोठें भोंक आपल्या हातानें पाडावें, ही काय रीत झाली?

ह्यांत एकट्या बापाला उपदेश करून उपयोग नाहीं. ज्याच्या मुलीचें लग्न आहे त्यानें एकट्यानें हात आंखडला तर त्याची अब्रू जाते. सर्व वाडीनें आंखडला तर कोणाचीच जात नाहीं. म्हणून खर्चाची मर्यादा वाडीनें बैठकींत ठरवावी, आणि ती आधीं ऐपतदारांनीं पाळावी. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनीं वर्गणी काढून गांवोगांव सामाईक भांडीं, सतरंज्या घेऊन ठेवल्या त्या ह्याचसाठीं. आज कित्येक ठिकाणीं तीं भांडीं कोठींत धूळ खातात आणि शहरांतला केटरर येऊन ताटामागें पैसे घेऊन जातो.

पैसा कमी पडला म्हणजे कर्ज. येथें थोडें गणित करावयाचें आहे. घरांत पांचवी-सहावींत शिकणारें मूल असेल त्यास जवळ बसवावें. शेंकडा तीन म्हटलें कीं कानाला थोडें वाटतें. पण तें महिन्याचें असतें, म्हणजे वर्षाला शेंकडा छत्तीस. दहा हजारांवर वर्षाला तीन हजार सहाशें गेले आणि मुद्दल जागच्या जागीं. हप्तेवाला मनुष्य ह्याहून गोड बोलतो. समजा तो बारा हजार देतो आणि वीस टक्के 'फ्लॅट' सांगतो. व्याज चोवीसशें, दरमहा बाराशेंचे बारा हप्ते. परंतु आपण मुद्दल दर महिन्यास एक हजारानें फेडीत आलों. पहिल्या महिन्यांत बारा हजार आपल्याकडे होते, शेवटच्या महिन्यांत एकच हजार. सरासरी साडेसहा हजार. साडेसहा हजारांवर चोवीसशें म्हणजे जवळजवळ सदतीस टक्के! वीस म्हणून घेतलें तें सदतीस निघालें. परवान्यावांचून सावकारी करणें २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही घरांत सर्वांस ठाऊक असावें. १८७५ सालीं सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. आतांचा रोखा मोबाईलमध्यें असतो. तो जाळतां येत नाहीं, पण अंगठा लावण्यापूर्वीं वाचतां येतो.

आणखी एक गळती लहान दिसते म्हणून राहून जाते. अन्नसुरक्षा कायद्याखालचें धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे: प्राधान्य घरास माणशीं दरमहा ५ किलो, अंत्योदय घरास ३५ किलो. प्राधान्य घराच्या कार्डावर नव्या सुनेचें किंवा मुलाचें नांव चढलेलें नसेल, तर एका नांवामागें वर्षाला साठ किलो धान्य जातें. तहसील कचेरींत अर्ज करावा, त्याची पोंच घ्यावी, आणि दुकानांत यंत्रांतून निघणारी पावती मागावी.

वही दुकानांत असते आणि घरांत नसते, हें उलटें झालें पाहिजे. घरांतही एक वही असावी आणि ती बाईच्या हातीं असावी. तिला लिहितां येत नसेल तर मुलीनें लिहावें. दर महिन्याला थोडें थोडें बचतगटांत किंवा पोस्टांत टाकलेलें आगोटीच्या नांवानें निराळें मांडावें, आणि लग्न आलें तरी त्यास हात लावूं नये.

येत्या फाल्गुनांत प्रत्येक वाडीनें घरटी माणसें मोजावीं आणि डाळ, तेल, मिरची, कांदा किती लागेल त्याची एकच यादी करावी. बाजारास दोघांना पाठवावें. त्यांत एक बाई असावी, कारण मिरची पारखणें पुरुषांस जमत नाहीं. तीन दुकानीं भाव विचारावा व रोख द्यावे. पोत्याचें वजन वजा करून घ्यावें, माल वाडींतल्या काट्यावर पुन्हां तोलावा, आणि बिल शाळेच्या ओट्यावर सर्वांच्या देखत मोठ्यानें वाचावें.