प्लेटींवरचा अन्याय

मालवणात फटफटीचा क्लच झटक्यानं पकडू लागला, की गॅरेजातला धन्वंतरी नाडी न बघताच सांगतो, "प्लेटी गेल्यो!" मी म्हणतो, हा निव्वळ अन्याय आहे! झिजलेली प्लेट घसरते. इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. ती बिचारी उडी कुठून मारणार?

उडी मारते ती बहुधा केबल. खिडकीचे गज खाणाऱ्या आमच्या खाऱ्या हवेला ती तार म्हणजे नुसती न्याहारी. गंजलेली तार नळीत अडते आणि सुटते ती एकदम. मागे बसलेल्या बाईचे बांगडे रस्त्यावर आणि बांगड्यांचा चुरा! आज बांगड्या, उद्या कपाळ.

तेव्हा आधी केबल काढा, उभी टांगा, खालून ठिबकेपर्यंत वरून तेल सोडा. एक धागा जरी तुटलेला दिसला, तर नवी घाला. लिव्हरच्या मुळाशी २-३ मिलिमीटर प्ले ठेवा. तरीही झटका राहिला, तर खुशाल क्लच उघडा. वाकलेल्या प्लेटीही झटका देतात, मान्य. पण त्यांच्या कानांनी ड्रमच्या खाचांत पाडलेले खड्डेही बघा.

फाशी द्यायचीच, तर निदान चौकशी करून द्या की राव!